धोंड्याचा फणा

साकोलीकडे रोवणी सुरू झाली की बांध्यांत पाणी भरतं, पाण्यात बेडूक येतात आणि बेडकांमागून धोंड्या येतो. पुस्तकात तो दिवड किंवा विरोळा. विष शून्य, नाटक मात्र शंभर नंबरी. धुऱ्यावर कोणाच्या पायाजवळ सापडला, की हा पुढचं अंग उचलतो, मान चपटी करतो आणि फूत्कारतो. "नाग हाये जी, नाग!" अशी ओरड होते. नक्कल इतकी वठते की मारही नागाचाच मिळतो.

मग मेलेल्या सापाभोवती तज्ज्ञ जमतात. एकाचं म्हणणं, "डोकं तिकोनी, म्हणजे जहरी." धोंड्या चिडला की डोकं पसरून तिकोनीच दिसतो, आणि खरी जहरी मण्यार, तिचं डोकं मानेपासून वेगळं कळतही नाही. दुसरा डोळ्याची बाहुली तपासायला सांगतो. गोल असली तर बिनविषारी म्हणे! नागाची बाहुलीही गोलच असते, पण ती तपासायला जवळ गेलेल्याला हे कोणी सांगायचं?

खरी खूण सोपी आहे. पाठीवर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे ठिपके, आणि डोळ्यापासून ओठाकडे उतरलेल्या दोन तिरप्या काळ्या रेघा. एक डोळ्याखाली, दुसरी डोळ्यामागे. काठीच्या अंतरावरूनही त्या दिसतात. पण काठी हातात असली की माणसाला फक्त काठीच दिसते.

धोंड्याचा खरा फायदा झाला तो मांत्रिकाला. हा साप तापट; हात लागला की कडकडून चावतो, रक्त काढतो. रोग्याला मांत्रिकापुढे बसवतात, लिंबू फिरतं, धूर होतो आणि सकाळी रोगी उठून चहा मागतो. तो नुसता झोपला असता तरी उठला असता. धोंड्या चावे घेत राहतो, मांत्रिकाचं नाव होत राहतं, आणि तोच मांत्रिक पुढे घोणस चावलेल्या माणसापुढे लिंबू फिरवतो. सापाने चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. लिंबाला अजून ते कळलेलं नाही.

धोंड्याचे भाऊबंद अमेरिकेतही आहेत. तिथला गार्टर साप याच पाणसापांच्या कुळातला, अंगावर लांब पट्टे असलेला, धरला की घाण वास सोडणारा. धोंड्याची मादी अंडी घालून त्यांच्यापाशी राहते. गार्टरची मादी थेट पिल्लंच देते. अंगणात त्याला बघून तिकडेही किंकाळ्या उठतात. तरी व्हर्जिनिया राज्याने 2016 साली त्याला राज्याचा साप केलं. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने धोंड्याला मारायला मनाई आहे, पण ही खबर काठीच्या नंतर पोचते.

तेव्हा दोन रेघा दिसल्या तर काठी खाली ठेवा आणि त्याला बोडीकडे जाऊ द्या. चावला असेल, तर मात्र रेघा शोधत बसू नका. थेट सरकारी दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावरचं प्रतिविष तिथे मिळतं. धोंड्याच निघाला, तर डॉक्टर जखम धुऊन घरी पाठवतील.