जीएसटी भरणारे

ठाण्यात कोलशेत रोडवरच्या एखाद्या टॉवरमध्ये प्रोग्रामरच्या घरी रात्री एक वाजता लॅपटॉपचा उजेड दिसला, तर आत काम चाललंय असा गैरसमज करून घेऊ नये. आत कामाचा वेग वाढवणं चाललेलं असतं.

सुरुवात साधी असते. ब्रॅम मोलेनार यांनी १९९१ मध्ये आणलेला 'व्हिम' हा कोड लिहायचा एडिटर माउसला हात लावायची गरज ठेवत नाही, तेवढ्यावर भागायला हवं. पण मग आज्ञा टंकायच्या टर्मिनलसाठी 'ओह माय झेडएसएच' येतं. २००९ पासूनच्या या प्रकल्पात ३०० हून अधिक प्लगिन आहेत. त्यांतलं कोडमधले बदल नोंदवणाऱ्या 'गिट'चं घेतलं की 'गिट स्टेटस' एवढं लांबलचक टंकायचे कष्ट वाचतात, नुसतं 'जीएसटी' लिहायचं. अख्ख्या देशात हसतमुखानं जीएसटी भरणारा हा एकमेव वर्ग.

पुढे 'एफझेडएफ' फायली शोधून देतं, 'झेड' नेहमीचे फोल्डर लक्षात ठेवतं, आणखी एक प्लगिन जुनी आज्ञा करड्या अक्षरांत आधीच सुचवतं. एवढं वऱ्हाड जमल्यावर टर्मिनल उघडायलाच वेळ लागू लागतो. व्हिमच्या नव्या अवतारात, म्हणजे निओव्हिममध्येही, प्लगिनांची अशीच गर्दी होते.

त्यावरही प्लगिन आहे! निओव्हिमचं 'लेझी' बाकीच्या प्लगिनांना गरज पडेपर्यंत झोपू देतं. नाव आळशी, पण कामाचं तेवढंच. कुणामुळे किती मिलिसेकंद गेले, याचा हिशेबही ते मांडतं.

सकाळी हाच वेगवान गृहस्थ रिक्षातून कापूरबावडीच्या कोंडीत शिरतो. तिथे टॅब दाबून काहीच पुढे सरकत नाही. मग तो मोबाइल काढतो आणि टर्मिनलसाठी नवी रंगसंगती शोधू लागतो.