आमचा तांडेल

निवांतपणा एक्सेलमध्ये बसवता येतो, असं मानणारा आमच्या ओळखीत एकच गृहस्थ आहे. त्याला आम्ही सगळे तांडेल म्हणतो. सोमवार ते शुक्रवार तो न्यू जर्सीतल्या एका विमा कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर असतो, म्हणजे इतरांना ‘कुठवर आलं?’ असं विचारण्याचा त्याला पगार मिळतो. शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप मिटला की तो कॅरिबियन समुद्रात जातो. देह एडिसन गावातल्या तळघरातच असतो, पण भिंतीवर नकाशा, हातात कर्कटक आणि चेहऱ्यावर असा भाव की आता याला कोणी कचरा बाहेर ठेवायला सांगू नये.

जन्म कराडचा. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमापलीकडे मोठं पाणी याने कॉलेजात जाईपर्यंत पाहिलेलं नव्हतं. कोकणातली माणसं समुद्राबद्दल फारसं बोलत नाहीत. घाटावरच्या माणसाला मात्र समुद्र उशिरा भेटला की तो भेटेल त्याला वारा समजावून सांगतो. तांडेलने चाळिशी उलटल्यावर रॅरिटनच्या उपसागरात कुडकुडत शिडाच्या होडीचे रीतसर वर्ग केले, अमेरिकन सेलिंग असोसिएशनची १०१, १०३ आणि १०४ अशी प्रमाणपत्रं मिळवली आणि ती देवघराशेजारी टांगली. उदबत्तीचा धूर आता दोन्हीकडे सारखाच जातो.

यातलं १०४ महत्त्वाचं, कारण ते बेअरबोटचं. बेअरबोट म्हणजे नुसती बोट भाड्याने घ्यायची. तांडेल, खलाशी, आचारी सगळं आपणच. आमच्या सहलीच्या पहिल्या बैठकीत त्याने हे मोठ्या अभिमानाने सांगितलं, तेव्हा वहिनी चिवड्याच्या बशा फिरवत होत्या.

“म्हणजे भांडी पण आपणच?” त्यांनी विचारलं.

“हो. तीच तर मजा आहे!”

“मग सुट्टी कोणाची?”

एक्सेलमध्ये या प्रश्नाला रकाना नव्हता. दुसऱ्या बैठकीपर्यंत ‘भांडी’ नावाचं स्वतंत्र पान तयार झालं होतं, त्यात सगळ्या नवऱ्यांच्या पाळ्या होत्या, आणि स्वतःच्या नावापुढे त्याने ‘सुकाणूवर’ असं लिहिलं होतं. वहिनींनी ते खोडलं.

बेत ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सचा. जागा त्याने उत्तम निवडली आहे, हे मान्य करायला हवं. सर फ्रान्सिस ड्रेक चॅनेलच्या दोन्ही बाजूंना बेटंच बेटं, त्यामुळे मोठ्या लाटा बाहेरच अडतात. एका बेटावरून पुढचं बेट दिसतं. हिवाळ्यातही पाणी सव्वीस अंशांच्या आसपास. व्यापारी वारे पूर्वेकडून पंधरा-वीस नॉटने येतात आणि बहुतेक दिवस दिशा बदलत नाहीत. भरती-ओहोटीतला फरक जेमतेम फूटभर. म्हणजे रस्ता चुकायची सोय नाही आणि ओहोटीत अडकायचीही नाही. तरी तांडेलने भरती-ओहोटीची कोष्टकं छापून लॅमिनेट करून ठेवली आहेत आणि एक हातातलं होकायंत्रही घेतलं आहे. समोर बेट दिसत असताना ते तिथेच आहे याची त्यातून खात्री करायची.

वाऱ्याची एकच गोची आहे. तो येतो पूर्वेकडून आणि बघण्यासारखं व्हर्जिन गोर्डा बेटही पूर्वेलाच. शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही. तिला नागमोडी वळणं घेत चढावं लागतं. शहाणी माणसं अशा वेळी शीड उतरवून इंजिन लावतात आणि जेवणापर्यंत पोचतात. तांडेलला ‘इंजिन’ हा शब्द सहन होत नाही. “इंजिनानेच जायचं तर स्टेटन आयलंडची फेरी काय वाईट? ती फुकट आहे,” असं तो म्हणतो. हे ऐकून एका जोडप्याने खरोखरच फेरीचा विचार सुरू केला होता.

आता निवांतपणाकडे येऊ. व्हर्जिन गोर्डाच्या टोकाला ‘द बाथ्स’ आहे. घराएवढे ग्रॅनाइटचे धोंडे एकमेकांवर रेललेले, त्यांच्यामध्ये समुद्राच्या पाण्याची कुंडं. तिथे बोट बांधायला तरंगते बोये मोजकेच, आणि एका बोटीने दीड तासाच्या वर थांबायचं नाही असा नियम. आठनंतर बोया मिळायची खात्री नाही, म्हणून आमच्या वेळापत्रकात त्या दिवशी ५.३० ला उठणे, ५.४५ ला चहा, ६.०० ला प्रयाण आणि ७.३० ते ९.०० ‘निवांत’. काही खाड्यांमधले बोये रात्रीसाठी फोनवरून आरक्षित करता येतात, पण ते सकाळी सातच्या ठोक्यालाच उघडतात. तिथे मात्र आम्हाला धास्ती नाही. तत्काळच्या तिकिटांवर वाढलेली पिढी आहे.

आरक्षण नसेल तर वाकून लांब आकडीने बोयाची दोरी पकडायची, आणि चारचौघांत नवरा-बायकोची भांडणं होतात ती याच क्षणी, असं तांडेल अनुभवी सुरात सांगतो. त्याची रंगीत तालीम त्याने ड्राइव्ह-वेवर घेतली. पंचेचाळीस फुटी कॅटमरान खडूने आखली, बोयाच्या जागी कुंडी ठेवली, आणि आम्हाला दोघादोघांना ‘नाकावर’ उभं केलं. शेजारची अमेरिकन बाई कुत्रं घेऊन दोनदा येऊन बघून गेली. बायकांनी त्या खडूच्या बोटीत प्रथम स्वयंपाकघर शोधलं, मग फ्रीज, मग थालीपिठाचा तवा बसेल का ते. कॅटमरान घ्यायची हे त्याआधीच ठरलं होतं, कारण एका बुडाची बोट वाऱ्यात कलते आणि आमटीही कलते. दोन बुडांची तेवढी कलत नाही. मळमळीवर उपाय म्हणून कोणी गोळ्या सुचवल्या, तांडेलने क्षितिजाकडे बघत राहायला सांगितलं, आणि वहिनींनी आलेपाकाच्या वड्या यादीत लिहिल्या. यादीत शेवटी त्याच राहिल्या.

तिसरी बैठक पाण्याची. टाकी सात-आठशे लिटरची आणि माणसं आठ. अंघोळ म्हणजे समुद्रात उडी, मागच्या पायऱ्यांवर साबण, पुन्हा उडी, आणि शेवटी गोड्या पाण्याचा एक तांब्या. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावांतून आलेल्या माणसांना यात नवीन काही नव्हतं. मग संडासाचा नियम आला. जे आधी पोटातून गेलेलं नाही ते भांड्यात टाकायचं नाही, कागद पिशवीत. यानंतर दिवाणखान्यात शांतता पसरली. एकच प्रश्न सगळ्यांच्या मनात होता आणि तो विचारायचं धैर्य फक्त वहिनींना झालं.

“मग धुवायचं कसं?”

तांडेलकडे याचं उत्तर तयार होतं. बोटीवरच्या बेसिनचा नळ ओढला की नळीसकट हातात येतो. त्याच संध्याकाळी दोन जोडप्यांनी आगाऊ रक्कम भरली. वारा, धोंडे, पोवळी यांचं महिनाभर वर्णन करून जे जमलं नव्हतं ते एका नळीने केलं.

खरी कसोटी अनेगाडा बेटाने लावली. बाकीची बेटं डोंगराळ, हे पोवळ्याचं आणि चुनखडीचं, सपाट. सर्वांत उंच जागा अठ्ठावीस फूट. लांबून बेट दिसायच्या आधी त्यावरची झाडं दिसतात. भोवती हॉर्सशू रीफ, त्यावर शेकडो जहाजं फुटली आहेत. तिथला लॉबस्टर प्रसिद्ध, म्हणून तांडेलला तिथे एक रात्र हवीच. आता आठांपैकी दोघं गुरुवारी मांसाहार करत नाहीत आणि एक मंगळवारी. म्हणजे बुधवार. सगळ्या प्रवासाचा मार्ग बुधवारच्या लॉबस्टरभोवती आखला गेला. एवढ्यात तांडेलला चांदणं आठवलं. पौर्णिमेचा आठवडा घ्यायचा! त्याने पौर्णिमेचा शनिवार शोधून काढला, सगळ्यांना फोन केले, आणि वहिनींनी कालनिर्णय उलटून सांगितलं की पौर्णिमा झाली की पाठोपाठ संकष्टी येते, आणि ती नेमकी बुधवारी आहे.

“बोटीवर कसली संकष्टी?”

“तूच म्हणतोस ना, पूर्वेला मोकळं क्षितिज आहे म्हणून? इथे चंद्रोदय पार्किंगमधल्या दिव्यांच्या मागे होतो. तिथे तरी दिसेल.”

यावर त्याला बोलता आलं नाही, कारण मोकळं क्षितिज हा त्याचाच मुद्दा होता.

योस्ट व्हॅन डाइक बेटावरही थोडं वाजलं. तिथे व्हाइट बेवर सॉगी डॉलर नावाचा बार आहे. त्याला धक्का नाही. बोटीवरून पोहत जायचं आणि ओल्या नोटांनी पैसे द्यायचे, म्हणून ते नाव. तिथलं पेनकिलर म्हणजे रम, अननस, संत्रं, नारळाचं क्रीम आणि वर किसलेलं जायफळ. “जायफळ घातलंय म्हणजे श्रीखंडच की,” असं म्हणून आमच्यातल्या एका निर्व्यसनी बाईंनी दोन ग्लास आत्ताच मुक्रर केले. तांडेलने मात्र नोटा भिजू नयेत म्हणून जलरोधक पिशव्या मागवल्या आहेत. ओल्या नोटा हाच तिथला गमतीचा भाग आहे, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही.

बोट अजून सुटलेली नाही. १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत तिकडे वादळांचा हंगाम. ६ सप्टेंबर २०१७ ला इर्मा वादळाने त्या बेटांची काय दशा केली ते फोटो तांडेलनेच दाखवले, त्यामुळे ते सहा महिने बाद. डिसेंबरात वारा जोरात आणि भाडं त्याहून जोरात. जानेवारीत कोणाचं तरी पुण्यात लग्न. मार्चमध्ये मुलांच्या सुट्ट्या एकमेकांशी जुळत नाहीत, एप्रिलमध्ये टॅक्स, मेमध्ये पदवीदान. राहतो फेब्रुवारी, आणि दर फेब्रुवारीत एक जोडपं गळतं. एकाने घर घेतलं, एकाच्या सासूबाई आल्या, एकाला कंपनीने नारळ दिला. पण तांडेल खचत नाही. गळतीनंतरच्या आठवड्यात तो नवी आवृत्ती पाठवतो, आणि तिच्यात नांगराच्या साखळीची लांबी पुन्हा काढलेली असते. मला तर वाटतं की या माणसाची सहल चालूच आहे आणि आपण उगाच तिच्यात विमानाची तिकिटं घुसडतो आहोत. बोट भाड्याने देणाऱ्यांच्या करारात सूर्यास्तानंतर शीड उभारायला मनाई असते, तरीही त्याने वाट काढण्यापुरते तारे पाठ केलेत. ते आता तो एडिसनच्या ड्राइव्ह-वेवरून बायकोला दाखवतो. वहिनी बघतात. बघता बघता उद्याच्या डब्याचं ठरवतात.

सध्याची स्थिती अशी आहे : येत्या फेब्रुवारीसाठी बोट राखून ठेवली आहे, तीन केबिन भरल्या आहेत, चौथी रिकामी आहे. बोट न लागणाऱ्या, बुधवारी लॉबस्टर खाणाऱ्या किंवा संकष्टी धरणाऱ्या, आणि डुलत्या ओट्यावर कांदा बारीक चिरू शकणाऱ्या जोडप्याने लवकर कळवावं. पोहता आलंच पाहिजे असं नाही, पण भांड्यांची पाळी चुकवता येणार नाही.