आजीचा झगा घालणाऱ्या लांडग्यास

महाशय,

सा. न. वि. वि. 1697 साली शार्ल पेरोच्या पुस्तकात आपण एक आजी आणि तिची लाल टोपीवाली नात गिळलीत. 1812 मध्ये ग्रिम बंधूंनी आपलं पोट फाडून दोघींना बाहेर काढलं, तरी आपली भूक काही भागली नाही. आज बारामतीतलं पोर माळावरचा लांडगा पाहण्याआधी आपल्याला ओळखतं. अभिनंदन!

आपल्या भीतीसाठी इंग्रजीत ग्रीकमधून आलेला एक भारदस्त शब्द आहे: लायकोफोबिया. इंग्रज तो फारसा वापरत नाहीत. वापरणार कधी? त्यांच्याकडचे लांडगे त्यांनी काही शतकांपूर्वीच मारून संपवले. लांडगा गेला, भीती राहिली. याहून अस्सल फोबिया कोणता?

आमच्याकडे उलटं आहे. इंदापुरातल्या कडबनवाडीच्या आणि बारामतीतल्या शिरसुफळच्या माळावर लांडगा खराखुरा आहे, आणि धनगराचा वाडाही तिथेच उतरतो. मेंढ्यांभोवती जाळी, उशाला काठी, पायाशी कुत्री, अंगावर घोंगडं. पहाटे एखादं कोकरू कमी भरतं. मग धनगर लांडग्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो आणि रात्री पुन्हा तिथेच पाठ टेकतो. फोबिया त्याला परवडत नाही. वनविभागाने 2024 मध्ये सुरू केलेल्या गवताळ सफारीतले पाहुणे मात्र लांब उभा असलेला लांडगा पाहून गाडीतल्या गाडीत आक्रसतात. ही आपलीच शिकवण.

आपली बाजूही मांडतो: भीती कधी कधी खरीही असते. 2024 मध्येच उत्तर प्रदेशातल्या बहराइचच्या गावांत लांडग्यांच्या हल्ल्यात मुलं गेली. तिथल्या आयांच्या भीतीला कुणी ग्रीक नाव देऊ नये.

पण आपल्या बदनामीवर खरी पोळी भाजली ती भलत्यांनीच. वाघाचं जंगल तोडलं की ओरड होते. लांडग्याचा माळ म्हणजे कागदावर पडीक जमीन! खड्डे खणून झाडं लावा, मुरूम उचला, प्लॉट पाडा, हळहळणार कोण? खरं तर 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत लांडगा वाघाच्याच पंगतीला बसलाय. माळाची लांडगेतोड जोरात चालू आहे आणि तीत लांडगा कुठेच नाही.

तेव्हा झगा उतरवा आणि फ्रान्सला परत जा. तिथले संपलेले लांडगे 1992 मध्ये इटलीकडून परत आले. मेंढपाळांशी त्यांची भांडणंही सुरू आहेत. करमेल आपल्याला.

कळावे.

आपला,
माळावरचा एक वाचक

ता. क. (हे आमच्या माणसांसाठी) : कोकरू गेलं तर लगेच वनरक्षकाला कळवा आणि पंचनामा होईपर्यंत ते जागचं हलवू नका. भरपाई त्यावरच मिळते.