देवांना नको असलेलं फूल

पुण्यात ३४ वर्षं काढून श्रीवर्धनच्या घरी कायमचा राहायला आलो, तेव्हा मनात एकच माफक इच्छा होती. सकाळी सात वाजता पडवीत चहा घेऊन बसायचं आणि समोर झाडावर फुललेली फुलं बघायची. यातला 'झाडावर' हा शब्द नीट वाचावा. सगळं भांडण त्या एका शब्दाचं आहे.

हवा माझ्या बाजूने होती. पुण्यात डिसेंबर लागला की जास्वंद रुसून बसायची, कळ्या धरायची आणि उमलायच्या आधी टाकून द्यायची. इथे थंडी म्हणजे पहाटे पंखा एकवर. बारा महिने हिरवी राहणारी आणि त्यातले नऊ-दहा महिने फुलणारी झुडपं अशा हवेत नुसती काडी खोचली तरी येतात. मी पहिल्याच पावसाळ्यात जास्वंदीच्या पेन्सिलीएवढ्या जाड सहा काड्या खोचल्या आणि सहाही जगल्या. नोकरीत इतका यशाचा टक्का मला कधी मिळाला नव्हता.

वर्षाच्या आत जास्वंद फुलली. म्हणजे फुलली असावी. मी सातला पडवीत यायचो तेव्हा झाडावर फक्त देठ असायचे.

शेजारच्या माई साडेपाचला परडी आणि बांबूची आकडी घेऊन निघतात. वय ७६. रस्ता ओलांडताना त्यांना हात धरायला कुणीतरी लागतं, आमचा चिऱ्याचा गडगा मात्र त्या एकट्या ओलांडतात. एकदा मी मुद्दाम पहाटे उठून पडवीत उभा राहिलो. त्या दचकल्या नाहीत. "बाळ्या, उठलास? बरं झालं. ती वरची फांदी जरा खाली धर," म्हणाल्या. मी धरली. ज्या बाईने आपल्याला लंगोटात पाहिलंय, तिला मालमत्तेचा हक्क समजावून सांगता येत नाही.

वर त्यांचं म्हणणं असं की, "मी काढते म्हणून तुझी जास्वंद फुलते." संतापाची गोष्ट ही की त्यात तथ्य आहे. जास्वंदीला फूल येतं ते नव्या फुटीवर. माई फूल खुडताना सवयीने वीतभर डहाळीही मोडतात, तिथून दोन फुटवे निघतात आणि दोन्हींवर कळ्या लागतात. शिवाय फूल टिकतं एकच दिवस. माईंनी नाही नेलं तरी संध्याकाळी ते मिटणार आणि गळणारच. थोडक्यात, आमच्याकडे छाटणीसाठी बिनपगारी माळीण होती आणि मी तिच्याविरुद्ध कट करत होतो.

कटाचा पहिला भाग म्हणजे कण्हेर. समुद्र आमच्यापासून चार-पाचशे पावलांवर. मे अखेरीपासून नैर्ऋत्येचा वारा सुटला की त्याच्याबरोबर खार येतो आणि नाजूक पानांच्या कडा इस्त्रीने जळाल्यासारख्या तपकिरी होतात. वाऱ्याच्या तोंडाशी कण्हेर लावली की ती चामडी पानांवर सगळा खार झेलते आणि मागची झाडं वाचतात. हे बागकामाचं कारण झालं. खरं कारण असं की कण्हेर मुळापासून फुलापर्यंत विषारी. गुरं तोंड लावत नाहीत, तिच्या लाकडाचा धूरसुद्धा वाईट. महामार्गाच्या दुभाजकावर ती उगाच लावत नाहीत. मी हे सगळं माईंना सविस्तर, थोडं वाढवूनच सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "शंकराने हलाहल पचवलं, त्याला तुझ्या कण्हेरीचं काय?" दुसऱ्या दिवसापासून सोमवारची पिंडही माझ्याकडे लागली.

मग तगर लावली. पांढरी, गरीब, भिरभिऱ्यासारखी. तीही शंकराला चालते. अनंत लावला. अनंताला इंग्रजीत जे गार्डेनिया म्हणतात ते बागेवरून नव्हे. अमेरिकेतल्या चार्ल्सटनला अठराव्या शतकात अलेक्झांडर गार्डन नावाचे डॉक्टर होते, त्यांच्यावरून. अनंताची अडचण अशी की त्याला वास आहे. चोराला बॅटरीसुद्धा लागत नाही. हे फूल मात्र देवापर्यंत पोचलंच नाही, माईंच्या सुनेच्या अंबाड्यापर्यंत जाऊन थांबलं.

एक्झोरा लावला तो नर्सरीवाल्याच्या भरवशावर. दीडशे रुपये देऊन आणलेलं ते रोप बघून माझी मालवणची मावशी हसून हसून खोकली. "अरे, ही तर पिटकुळी! आम्ही सड्यावर हिची फळं खायचो." असो. पण ते रोप इथे आल्यावर पिवळं पडायला लागलं. शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं. माईंनी दृष्ट काढली. मी दुप्पट शेणखत घातलं. दोन्हींचा परिणाम सारखाच झाला. मग एक दिवस वाडीत खणताना मूठभर माती हातात घेतली तर त्यात निम्मे शिंपल्यांचे तुकडे. तिथे उलगडा झाला. मालवणच्या सड्यावर जांभा, त्याची माती आंबट. आमची पुळण शिंपल्यांच्या चुन्याने भरलेली. चुनखडी मातीत लोह असलं तरी पिटकुळीच्या मुळांना ते उचलता येत नाही, ताट समोर आणि हात बांधलेले अशी गत. डोंगराकडून जांभ्याची चार घमेली लाल माती आणली, कुजका पालापाचोळा मिसळला, थोडं हिराकस पाण्यातून दिलं, आणि नवी पालवी हिरवीगार आली. पाठोपाठ लालभडक गुच्छ. मी ही विजयगाथा माईंना सांगायला गेलो तेव्हा ते गुच्छ त्यांच्या देवीच्या पायाशी होते.

पुढे पुस्तकात वाचलं की या झाडाचं शास्त्रीय नावच मुळी आपल्या 'ईश्वरा'वरून आलंय. पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचं 'इक्सोरा' झालं आणि लिनिअसने तेच नाव कायम केलं. म्हणजे सातबाराच देवाच्या नावावर. मी फक्त कूळ.

केवड्याचाही विचार करून पाहिला. शंकराने केतकीला शाप दिलाय, तिचं फूल त्याला चालत नाही, हे माहीत होतं. पण गणपतीच्या २१ पत्रींत केवडा आहे. कण्हेरही आहे. तिथे तर पानसुद्धा सुटत नाही.

एक गोष्ट माईंच्या बाजूनेही सांगायला हवी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि एका दुपारीत आमची वाडी ओळखू येईना. माड उन्मळले, पोफळी काड्यांसारख्या मोडल्या. माईंच्या घराचे पत्रे उडून कुणाच्या तरी शेतात पडले होते. संध्याकाळी वारा थांबल्यावर त्या चिखल तुडवत गडग्यापाशी आल्या. मला वाटलं, ताडपत्री मागणार. त्यांनी विचारलं, "जास्वंद आहे ना रे?" होती. गुडघ्याएवढे खुंट उरले होते. त्या वर्षी गणपती २२ ऑगस्टला बसले, आणि वीस-वीस वर्षं वाढवलेल्या पोफळी आडव्या पडलेल्या त्या वाडीत अकरा आठवड्यांच्या फुटीवर सात लाल फुलं होती. मी स्वतः खुडून त्यांच्या परडीत घातली. वर्षातून एक दिवस माणसाने चांगलं वागायला हरकत नाही.

पण दुसऱ्या दिवसापासून माझा शोध पुन्हा सुरू झाला: तेहतीस कोटींपैकी एकालाही नको असलेलं फूल. उत्तर होतं बोगनवेल. वास नाही, मध नावापुरता, काटे भरपूर. माईंच्या भाषेत, "कागदी. देवाला फसवल्यासारखं होतं." शास्त्रही त्यांच्याच बाजूने आहे म्हणा. जे रंगीत दिसतं ते फूल नव्हेच, ती रंगवलेली पानं. खरं फूल मध्ये, पांढुरकं, भाताच्या दाण्यापेक्षा जरा मोठं. हे झाड दक्षिण अमेरिकेतलं. बोगनव्हिल नावाचा फ्रेंच दर्यावर्दी १७६६ साली जगप्रदक्षिणेला निघाला, त्याच्या मोहिमेत ते रिओ दि जानेरोला सापडलं. आपण त्याच्या नावातला 'व्हिल' काढून 'वेल' बसवला आणि आडनावाची वनस्पती करून टाकली. मोहिमेवरचा वनस्पतितज्ज्ञ कॉमरसाँ, आणि त्याचा मदतनीस म्हणून पुरुषाच्या वेषात हिंडणारी जान बारे नावाची बाई. हे झुडूप मुळात तिनेच शोधलं असं मानणारेही आहेत. फुलांसाठी वेषांतर करणारी बाई वाचून मला माईंची आठवण झाली. त्या निदान उघड्या तोंडाने येतात.

बोगनवेल फाटकाजवळ लावली आणि आयुष्यात कशाची केली नाही अशी तिची सेवा केली. गांडूळखत. मासे धुतलेलं पाणी. सकाळ-संध्याकाळ झारी. दोन वर्षांत ती गडग्याच्या वर गेली. पानं इतकी तजेलदार की पाहुणे थांबून विचारायचे, कसलं झाड हे? कारण फूल एकही नाही. पावसाळ्यात आमच्याकडे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा नाही आलं तर समजू शकतो. हिवाळ्यात नाही, होळीला नाही. आमच्याकडे नारळ पाडायला येणारा गडी एकदा वरून बघून म्हणाला, "दादा, हिला लई सुख झालंय." मी त्याला हसलो आणि झारी भरली.

पुढच्या फेब्रुवारीअखेर डोळ्यांचं ऑपरेशन करायला पुण्याला मुलीकडे गेलो. एक डोळा, मग दुसरा, मग नातवंडं. पंधरा दिवसांचे अडीच महिने झाले. वाडीच्या पाण्याची व्यवस्था करून गेलो होतो, फक्त फाटकाजवळ नळी पोचत नव्हती. मनातल्या मनात मी बोगनवेलीचं तेरावं घातलं होतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात नव्या डोळ्यांनी एसटीतून उतरलो. अंगणात शिरताना फाटकाजवळ बघतो तर झुडपाला मोजून दहा पानं आणि चहूबाजूंनी ताजे, पांढरे, आकडीने मोडलेले शेंडे. खाली वाळूत गुलाबी-जांभळ्या पाकळ्यांचा सडा. पाणी तुटल्यावर ती जीव खाऊन फुलली होती, हे त्या सड्यावरून कळत होतं. झाडावर काहीही नव्हतं.

माई गडग्यापाशी आल्याच. "आलास? अरे, काय फुलली होती तुझी कागदी! रस्त्यावरून माणसं फोटो काढत होती. तू नसलास की बरी फुलते." मी शेंड्यांकडे बोट दाखवलं. त्या दुखावल्या. "देवाला नाही हो नेली. देवाला कशी चालेल? उद्या नातवाचं लग्न आहे, मांडवाच्या कमानीला लावली. जेवायला ये. आणि डोळ्यांत औषध घालून ये, धूर असेल."

गेलो. कमान सुंदर झाली होती. सगळ्यांबरोबर मीही तिच्याखाली उभं राहून फोटो काढला, पाचशे एक रुपयांचं पाकीट दिलं, आणि श्रीखंड वाढेपर्यंत माझ्या बोगनवेलीच्या समोरची खुर्ची सोडली नाही.