साहेब परळला परत आले

परळ हा मूळचा साहेबांचा मुलूख. हे आम्ही चाळकरी सोयीस्करपणे विसरतो आणि टॉवरवाल्यांना उपरे म्हणतो. अठराव्या शतकापासून मुंबईच्या गव्हर्नरांचा बंगला परळला होता. पाद्र्यांच्या जुन्या मठात थाटलेला, चहूबाजूंनी झाडी. पुढे गिरण्या आल्या, धुराडी आली, पाठोपाठ आमचे पणजोबा वळकटी घेऊन आले. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी त्याच बंगल्यात पटकीने गेल्या. गव्हर्नरांनी बिऱ्हाड मलबार पॉइंटला हलवलं आणि १८९९ मध्ये त्या वास्तूत डॉक्टर हाफकिन यांची प्रयोगशाळा आली. म्हणजे परळमधून पहिलं पुनर्वसन झालं ते साहेबांचं. तेसुद्धा समुद्रकिनारी, आणि लॉटरीत नंबर न लागता.

आता धुराडी विझली, हवा बरी झाली, साहेब परत आले. मूळ मालक घरी आल्यावर मधल्या काळातल्या लोकांनी कुरकुर करायची नसते. मधल्या काळातले लोक म्हणजे आम्ही.

आम्ही इथे नेमकं काय करत होतो, असं नव्या शेजाऱ्यांची मुलं विचारतात, म्हणून त्यांना कळेल अशा भाषेत सांगतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूरचे गडी एकटेच यायचे, बायकापोरं गावाला. एका गावाच्या मंडळाची एक खोली. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-वीस, तीस-तीस जण. पहिल्या पाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा त्याच जागेवर आडवा व्हायचा. भिंतीला ट्रंकांची चळत, दोरीवर सदरे, कोपऱ्यात ग्रामदेवतेची तसबीर. याला हल्ली को-लिव्हिंग म्हणतात आणि महिन्याला तीस हजार घेतात. जेवण खाणावळीत. एखादी बाई आपल्याच खोलीत दहा-वीस गड्यांना दोन वेळचं वाढायची, पगाराला पैसे घ्यायची. अशा बायकांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. याला हल्ली क्लाउड किचन म्हणतात. तेव्हा आमची मंडळी मागास नव्हती, थोडी लवकर जन्मली एवढंच. गुंतवणूकदार भेटला असता तर लालबागच्या खाणावळीचं मूल्यांकन आज कुठल्या कुठे गेलं असतं.

गुंतवणूकदार भेटला नाही, कामगारपुढारी डॉक्टर दत्ता सामंत भेटले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. हा संप रीतसर मागे घेतल्याचं कुणीच कधी जाहीर केलं नाही, त्यामुळे कागदोपत्री आम्ही अजून संपावर आहोत. मॉलमध्ये नातवाबरोबर सरकत्या जिन्यावर उभे असलेले म्हातारबाबा तुम्हाला निवृत्त वाटतील, पण ते वाटाघाटींची वाट बघतायत.

संप मिटेना तेव्हा मालकांच्या लक्षात आलं की कापड विणण्यापेक्षा जमीन विकणं सोपं. तिला कापूस लागत नाही, तिसरी पाळी लागत नाही आणि ती बोनस मागत नाही. अठ्ठावन्न गिरण्या, सुमारे सहाशे एकर. एवढी जागा शहराच्या मधोमध सापडल्यावर कुणीही हपापेल, म्हणून १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. भावकीतल्यासारखी सरळ वाटणी. ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मैदानं-बागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. मालकांनी वाटणीला नकार दिला नाही, फक्त वाटणीला बसायचं टाळलं. अखेर २००१ मध्ये सरकारला एक खुलासा सुचला. वाटणी होईल ती मोकळ्या जागेची. मोकळी म्हणजे आधीपासून मोकळी. गिरणी पाडल्यावर जी मोकळी होईल, ती मोकळी नाही.

हे वाक्य सावकाश, दोनदा वाचावं. मराठी साहित्यात परतत्त्वाचा स्पर्श असलेल्या ओळी पुष्कळ आहेत, पण डोळ्यांसमोर सपाट पडलेलं मैदान कायद्याने भरलेलं आहे हे मंत्रालयाखेरीज कुणाला दिसलं नव्हतं. गिरणीत मोकळी जागा असून असून किती असणार? शेडला शेड चिकटलेली. कॅन्टीनच्या मागचा पट्टा, फाटकाजवळ सायकली लावायची जागा, मारुतीच्या देवळापुढचं अंगण. जनतेच्या आणि म्हाडाच्या वाट्याला जे आलं ते यातून. हायकोर्टाने २००५ मध्ये म्हटलं, असं चालणार नाही, सगळ्या जमिनीची वाटणी करा. सुप्रीम कोर्टाने मार्च २००६ मध्ये म्हटलं, चालेल. मी हा नियम घरी लावून पाहिला. १६० चौरस फुटांच्या खोलीतून कॉट, कपाट, ओटा, मोरी आणि आई बसते ती जागा वगळली. मोकळा राहिला फक्त उंबरठा. त्याचा एक तृतीयांश भावाला द्यायला मी कधीही तयार आहे.

जमीन सुटल्यावर राहिला पत्ता. कोट्यवधी मोजणाऱ्या माणसाला 'लोअर' नावाच्या ठिकाणी कसं राहायला सांगणार? जाहिरातवाल्यांनी तोडगा काढला आणि लोअर परळच्या टॉवरांचा पत्ता 'अप्पर वरळी' झाला. भूकंप नाही, भराव नाही, तरी जमीन एका रात्रीत उंचावल्याचा जगातला हा एकमेव दाखला असावा. भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी यायला हरकत नाही, पण पावसाळ्यात नको. तेव्हा अप्पर वरळीत गुडघाभर पाणी असतं आणि ते पुन्हा लोअर परळ होतं.

मध्यंतरी दापोलीहून आमचे मेव्हणे आले होते. त्यांना राणीची बाग दाखवून झाली होती, म्हणून आमच्या समोरच्या टॉवरचं विक्री दालन दाखवायला नेलं. आत गारवा, लिंबाचा वास, काचेच्या पेल्यात पुदिन्याचं पाणी. मधोमध टेबलावर टॉवरची प्रतिकृती. नखाएवढ्या बाल्कन्यांतून पिवळे दिवे, गच्चीवर निळा तलाव, तलावाकाठी मुंगीएवढ्या गोऱ्या बायका पहुडलेल्या. भोवती आमचा विभाग. पूल होता, मोनोरेलची पट्टी होती, समुद्र तर जरा जवळच सरकवला होता. मी आमची चाळ शोधू लागलो. तिच्या जागी हिरवा स्पंज होता. नीट कापलेला, वर पिवळ्या फुलांचे ठिपके. तीन मजले, कॉमन गॅलरी, पूजेचा मंडप, कॅरमचं टेबल, वाद घालणारं कार्यकारी मंडळ, सगळं त्या स्पंजात जिरलेलं.

"म्हणजे तुमची संडासाची रांग," मेव्हण्यांनी बोट ठेवलं, "या झुडपात येते."

"सर, प्लीज हात नका लावू," दालनातली मुलगी म्हणाली. मग हसून, "तो साइडला पूर्ण ग्रीन व्ह्यू आहे सर. अनऑब्स्ट्रक्टेड."

"आत्ता तिथे चाळ आहे," मी म्हटलं.

"हो सर, पण पझेशनपर्यंत..." ती थांबली. माझ्याकडे नीट बघून मराठी बदललं. "तुम्ही तिथलेच का काका?"

मी हो म्हटलं. तिचे आजोबा डिलाईल रोडचे. गिरणीच्या साचाखात्यात होते. खोली विकून ही मंडळी नालासोपाऱ्याला गेली. आता सकाळची सात पस्तीसची लोकल पकडून ती आजोबांच्या मोहल्ल्यातली हवा चौरस फुटावर विकते. चौकशी अर्धवट राहिली, कारण आत तिचा साहेब आला आणि तिने पुन्हा वरच्या पट्टीत विचारलं, "सर, पार्किंग किती लागतील?" मेव्हण्यांनी एक सांगितलं. एस.टी.ने आले होते तरी.

स्पंज उगाच ठेवलेला नसतो, त्यामागे योजना असते. आमच्या चाळीच्या पुनर्विकासाच्या सभेत बिल्डरने दोन इमारती दाखवल्या. एक आमची, एक विक्रीची. आमची अरुंद, उंच, रस्त्याकडे तोंड करून उभी. तिची जबाबदारी रस्त्याचा आवाज अडवून मागच्या विक्रीच्या इमारतीला शांतता पुरवण्याची. फाटकं दोन, लिफ्टा वेगळ्या, बाग एकच. पण ती पोडियमवर आणि पोडियम त्यांच्या बाजूला. दोन फाटकांचं कारण मी विचारलं, तर वास्तुरचनाकार म्हणाले, "तुमचीच प्रायव्हसी, सर." सामायिक नळावर आयुष्य काढलेल्या माणसाला हा शब्द नवा होता. सभेतल्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सगळंच वाईट आहे असं म्हटलं तर जीभ झडेल. बीडीडी चाळींच्या १६० फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेल्या माणसाला ५०० फुटांचं घर मिळतंय, ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांच्या हाती चाव्या पडल्या, आणि घरात स्वतःचा संडास असणं याच्यावर जो विनोद करील तो मध्यरात्री डबा घेऊन रांगेत उभा राहिलेला नाही. चाळीबद्दल उमाळे काढणारे बहुतेक जण ती केव्हाच सोडून ठाण्याला राहतात. प्रश्न चावीनंतरचा आहे. लिफ्ट, पंप, सुरक्षारक्षक, आग विझवायची यंत्रणा यांचा देखभाल खर्च दरमहा येतो, आणि पेन्शन आहे तीच असते. मग पोराचं लग्न ठरतं, कुणी चांगलं भाडं देऊ करतो, आणि मंडळी बदलापूरला 'तात्पुरती' जातात. कुणी हाकललं नाही, कुणी दम दिला नाही. महिन्याच्या महिन्याला एक पावती आली, बस्स. पूर्वी या कामाला गुंड लागायचे, आता लेटरहेडवर भागतं.

गेलेले लोक रोज परत येतात ही आणखी गंमत. गिरणीला तीन पाळ्या होत्या आणि कामगार चालत जायचा. भोंगा झाला की चपला घालून निघाला तरी वेळेत पोचायचा. त्या हिशेबाने स्टेशनं आणि जिने बांधलेले. आता गिरण्यांच्या जागी कार्यालयं आली, पाळी एकच, सगळ्यांची साडेनऊची, आणि माणूस येतो विरार-कर्जतहून. सहाशे एकरांवर काय बांधायचं याचा विचार झाला. तिथे येणार कसे, हा विचार जुन्या पादचारी पुलावर सोडून दिला. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. पुढच्या वर्षी स्टेशनचं नाव बदलून प्रभादेवी केलं. चेंगराचेंगरीनंतर तीनच महिन्यांनी, २८ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर, कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या पबला आग लागून १४ जण गेले. गिरणीत आग लागायची तेव्हा भोंगा वाजायचा, असं आमचे एक काका त्या रात्री गॅलरीत उभं राहून सांगत होते. त्यांना कुणी गप्प बस म्हटलं नाही.

हिशेब एवढाच राहिला की संपकऱ्यांना घरं द्यायची आहेत. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर हजेरीपटावर असलेला कामगार, किंवा त्याचा वारस, पात्र आहे. अर्ज दीड लाखाच्या आसपास. घरं सुचवली ती शेलू आणि वांगणीला, म्हणजे कर्जतच्या वाटेवर. जुलै २०२५ मध्ये म्हातारे कामगार आझाद मैदानात येऊन म्हणाले, घर मुंबईत हवं. काही लोकांना ही चैन वाटली. ज्या जागेवर बोलिंगची गल्ली, चार मजली दिवाणखाने आणि कुत्र्यांसाठी पार्लर मावतं, तिथे म्हातारा मावत नाही हे त्याला समजावून सांगायला कुणीतरी हवं होतं.

शिवाय पात्रता सिद्ध करावी लागते. तिकीट नंबर, ईएसआयचं कार्ड, फंडाचा कागद, नाहीतर गिरणीने दिलेला सेवेचा दाखला. गिरणी नाही, तिचा हेडक्लार्क नाही, दप्तर पावसात भिजलं. शेजारच्या आजींनी नवऱ्याचं पगाराचं पाकीट लावलं, ते चाललं नाही. त्यावर शिक्का अस्पष्ट आहे. अशा अर्जदारांसाठी माझी सूचना आहे. गिरण्यांच्या आवारांत आता जी मद्यालयं आहेत, त्यांना जुन्या वस्तूंची फार हौस. भिंतींवर धोटे, बॉबिनी, पत्र्याचे बिल्ले, कुठे फ्रेममध्ये हजेरीचं पान. वारसांनी ठेवणीतले कपडे घालून आत जावं, भिंतीवर बाबांचा तिकीट नंबर शोधावा आणि मोबाइलवर फोटो काढून अर्जाला जोडावा. काही न मागवता बसू देत नाहीत, तेव्हा एक साधा सोडा सांगावा. बिल पाहून घाबरू नये. जीएसटी भरावाच लागतो. सेवाशुल्क ऐच्छिक असतं. ते बाबांनी भरलंय, असं वेटरला सांगावं. तोही बहुधा डिलाईल रोडचाच असेल.