तू तं घरचाच हायेस!

अमरावतीच्या मतदाराला २०१९ आणि २०२४ च्या मतपत्रिकांत फरक ओळखायला सांगा. दोन्हींत डॉ. सुनील देशमुख, दोन्हींत सुलभा खोडके. पंजा तेवढा एकीकडून दुसरीकडे गेलेला.

डॉक्टर मूळचे काँग्रेसचे. २००९ ला त्यांचं तिकीट कापून तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटलांचे चिरंजीव रावसाहेब शेखावतांना दिलं. डॉक्टर अपक्ष लढले, पडले. २०१४ ला भाजपचे आमदार झाले. २०१९ ला काँग्रेसच्या खोडकेंनी त्यांना पाडलं आणि जून २०२१ मध्ये डॉक्टर काँग्रेसमध्ये परतले. खोडकेताई २००४ ला बडनेऱ्यातून निवडून आल्या होत्या राष्ट्रवादीकडून. ऑक्टोबर २०२४ मध्ये काँग्रेसने त्यांना सहा वर्षांसाठी निलंबित केलं. ताई अजितदादांच्या राष्ट्रवादीत गेल्या आणि पुढच्याच महिन्यात डॉक्टरांना हरवून आमदार झाल्या. शिक्षा असावी तर अशी!

अकोल्याचा कारभार याहून झटपट. बाळापूरचे शिवसेना आमदार नितीन देशमुख जून २०२२ मध्ये बंडखोर एकनाथ शिंदेंच्या ताफ्यातून सुरतेला पोचले. इकडे ते बेपत्ता झाल्याची पत्नीची पोलिसांत तक्रार. गुवाहाटी करून भाऊ दोन दिवसांत परत. बळजबरीनं नेलं, इंजेक्शनं टोचली, असं त्यांनी सांगितलं. उद्धव ठाकरेंच्या मातोश्रीनं ठेवून घेतलं, बाळापूरनं २०२४ ला पुन्हा निवडून दिलं.

मातब्बर परत आला की पक्ष ‘का गेला होतास’ विचारत नाही. ‘किती घेऊन आलास’ विचारतो. गल्लीतल्या पोराने नगरपालिकेला बंडखोरी केली, तर त्याची सहा वर्षं मात्र पुरती सहा वर्षं भरतात.

आणि जो कुठेच गेला नाही, तो? प्रवेश सोहळ्याच्या सतरंज्या तोच अंथरतो. ज्याच्या विरोधात पाच वर्षं घसा कोरडा केला, त्याच्यासाठी इर्विन चौकातून हार तोच आणतो. दुपट्टा गळ्यात पडताना टाळ्याही त्याच्याच. मग धीर करून तो तिकिटाचं विचारतो. साहेब खांद्यावर हात ठेवून म्हणतात, “तू तं घरचाच हायेस बाप्पा. थांब जरासाक.”

निष्ठावंतहो, एकदा बाहेर जाऊनच या. त्याशिवाय तुम्ही आत होतात हे कोणाच्या ध्यानातच यायचं नाही.