नाटक करायचं की फाइल भरायची?

बी.एड.च्या अभ्यासक्रमात ‘शिक्षणातील नाट्य व कला’ असा एक भाग आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने 2014 च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं केलं, तेव्हाच्या आराखड्यात तो आला. हेतू सरळ होता. होणाऱ्या शिक्षकाने स्वतः अभिनय करावा, गावं, चित्र काढावं आणि पुढे गणित-विज्ञान शिकवताना ते वापरावं. बहुतेक ठिकाणी होतं काय? ‘नाट्यीकरणाचे महत्त्व’ या मथळ्याखाली दहा मुद्दे, खाली लाल रेघ, फाइल जमा. तयार फाइली विकतही मिळतात. एकदाही उभं न राहता नाटकाचे गुण पडतात. ही उघड फसवणूक आहे, आणि तिची किंमत बुलडाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोदसारख्या तालुक्यातली पोरं मोजतात.

सातपुड्याच्या पायथ्याच्या या तालुक्यात घरातली बोली गावागणिक बदलते. मैदानात वऱ्हाडी, डोंगराकडे कोरकू आणि भिलाली. जामोद, सोनबर्डी, चालठाणा या भागात निहाली. तिचं नातं जगातल्या कुठल्याही भाषेशी पक्कं जोडणं भाषाशास्त्रज्ञांना आजवर जमलेलं नाही. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. अशा घरातलं सहा वर्षांचं पोर पहिलीत येतं आणि समोर पुस्तकी मराठी उभी राहते. पोर गप्प बसतं. आपण त्याला ‘मागे पडलेलं’ ठरवून मोकळे होतो.

या वर्गात शिक्षकाकडे सुरुवातीला शब्द नसतातच. हात, चेहरा, चाल आणि आवाज एवढंच भांडवल. घागर नसताना घागर उचलून दाखवायची, पोरांना उचलायला लावायची, त्यांचा शब्द आधी घ्यायचा, मग मराठी शब्द द्यायचा. पडदा लागत नाही, वेशभूषा लागत नाही. भीड मात्र चेपलेली असावी लागते. नोकरी लागल्यावर परिपत्रक वाचून ती चेपत नाही. ती प्रशिक्षणातच चेपावी लागते.

हे काम फक्त पहिलीपुरतंही नाही. भेंडवळ याच तालुक्यात आहे. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी तिथे शेतात घट मांडतात. गोलाकार अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याची घागर. दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचं भाकीत. माझा त्या भाकितावर विश्वास नाही, पण आसपासच्या पोरांना ती मांडणी ठाऊक असते, आणि शाळेला याहून चांगला धडा सापडणार नाही. शाळा उघडली की सातवीत चार पोरांनी चार महिने व्हावं, एकाने शेतकरी, एकाने सावकार, एकाने हवामान खात्याचा माणूस. प्रत्येकाने आपली बाजू मांडावी, दुसऱ्याने ती खोडावी. मग दर आठवड्याला पर्जन्यमापकाचा आकडा फळ्यावर, आणि दिवाळीच्या आधी भाकीत नि आकडे शेजारीशेजारी. सरासरी, आलेख, पुरावा, सगळं त्यात आलं. आणि ‘कशावरून?’ असं थोरांना विचारायचं धाडसही आलं. असा पाठ घ्यायला शिकवणारी बी.एड. कॉलेजं किती?

बुलडाणा जिल्हा ज्या विद्यापीठाखाली येतो, त्याला संत गाडगेबाबांचं नाव आहे. बाबांचं कीर्तन म्हणजे वऱ्हाडीतला प्रश्नोत्तरांचा वर्ग. ते विचारायचे, लोक उत्तर द्यायचे आणि आपल्याच उत्तरात अडकायचे. दारू, कर्ज, देवापुढचा बोकड, पोरांची शाळा, सगळं त्या उभ्या वर्गात शिकवून झालं. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांना या माणसाने विचार करायला लावलं. नाट्यातून शिक्षण कसं होतं याचा आपल्या मातीतला याहून मोठा पुरावा नाही. त्याच नावाच्या विद्यापीठात तरी हा विषय कागदावर उरकू नये.

बी.एड.नंतरची शिक्षकभरतीही तशीच कागदावरची. टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि टेट (शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी) या दोन्ही परीक्षांत पर्याय निवडायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलाखतीशिवाय नेमणूक होते. उमेदवाराचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो का, हे कुणी ऐकलेलंच नसतं. आणि नेमणुकीनंतर शाळेत वर्षातून एकदा स्नेहसंमेलनात सिनेमाच्या गाण्यांवर पोरं नाचवली की कलाशिक्षण झालं, असं मानणाऱ्यांनी तो समज आता सोडावा.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 2030 पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही शिक्षकाची किमान पात्रता ठरवली आहे. म्हणजे अभ्यासक्रम नव्याने बांधण्याची संधी समोर आहे. बांधणाऱ्यांनो, नाट्य व कलेच्या भागाची लेखी फाइल बंद करा. आंतरवासितेत प्रशिक्षणार्थीला डोंगराकडच्या शाळेत पहिलीसमोर उभं करा, तिथेच पाठ बघा, तिथेच गुण द्या. आणि ज्या प्राध्यापकाने स्वतः वर्गात कधी एक भूमिका केलेली नाही, त्याच्या हाती हा विषय देऊ नका.